दीड फूट भराव

विमा कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी माझा सासऱ्यांशी अबोला होता. अबोल्याचा तो तिसरा दिवस. आमच्या घरात अबोला धरणं मोठं जिकिरीचं काम, कारण घरात माणसं तीन, त्यातला नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. उरलो आम्ही दोघं. त्यांच्याशी बोलायचं नाही तर भिंतीशी बोलावं लागतं, आणि मी तेही करत होते. "पत्र आलंय," असं मी भिंतीला सांगितलं आणि लिफाफा त्यांच्या पुढ्यात ठेवून दिला.

भांडण फरशीचं होतं. आमच्या गल्लीत अकरा घरं. गल्ली नदीकडे उतरत जाते, त्यामुळे सगळ्या घरांना जोतं आहे, दोन-तीन पायऱ्या चढल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल पडत नाही. फक्त आमची पुढची खोली रस्त्याच्या पातळीला. पूर्वी तीही उंच होती. नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पायांतली ताकद गेली आणि त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. पायऱ्यांच्या जागी उतार करावा तर गल्ली इतकी अरुंद की उतार समोरच्यांच्या दारात गेला असता. दुसरा कुणी असता तर खुर्ची उचलायला दोन माणसं शोधली असती आणि गप्प बसला असता. पण सासरे पडले फरशी बसवणारे मिस्त्री. चाळीस वर्षं लोकांच्या घरातल्या जमिनी सरळ करण्यात गेलेली. घर खुर्चीला अडवतंय ना, मग घर खाली घ्यायचं, असा त्यांनी हिशेब मांडला. पायऱ्या तोडल्या, उंबरा काढला, खोली दीड फूट खणली, दार तेवढंच उंच केलं आणि थेट रस्त्यापर्यंत अशी फरशी घातली की चाकाला एक हिसका बसू नये.

सासूबाई सात वर्षं त्या फरशीवरून बाहेर पडल्या. कुणाला हाक नाही की कुणाची मदत नाही. स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत गल्लीच्या टोकाला जायच्या, भाजीवाल्याशी हुज्जत घालायच्या आणि विजयी मुद्रेने परत यायच्या. त्या गेल्यावर खोली रिकामी झाली. मी घरावर कर्ज काढून तिथे चार शिलाई मशीन टाकल्या. हॉटेलांचे पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवते मी. धंदा दीड वर्षात बऱ्यापैकी रुळला आणि मग नदी गल्लीत आली.

एरवीच्या पावसाला दारात आडवी फळी लावली की भागायचं. त्या दिवशी फळी तरंगत स्वयंपाकघरापर्यंत गेली. बाकीच्यांच्या घरात पाणी घोट्यापर्यंत, कुणाकडे पोटरीपर्यंत. आमच्या पुढच्या खोलीत माझ्या मांडीपर्यंत. चारही मशीन पाण्याखाली, कापडाच्या थानांचा लगदा. कंपनीने नुकसानभरपाई दिली, पण इतकी उशिरा आणि इतकी काटछाट करून की तेवढ्यात दोनच मशीन नव्या आल्या, आणि उरलेल्या दोन मी हातापाया पडून दुरुस्त करून घेतल्या.

तेव्हापासून मी एकच धोशा लावला होता. बाबा, खोलीत भराव टाकू या. पूर्वीसारखी उंच करू या. आता खुर्ची नाही, खुर्चीत बसणारं माणूस नाही. यावर ते म्हणायचे, "बघू." सासऱ्यांचं "बघू" म्हणजे नाही, हे मला लग्नानंतर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. शेवटी तीन दिवसांपूर्वी माझा तोल सुटला. "गेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांनी पाण्यात बसायचं का?" असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं. पण एकदा तोंडातून गेलं की परत कसं घेणार, म्हणून मग अबोला.

सासऱ्यांनी लिफाफा फोडला, भिंग लावून पत्र वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. पुढच्या वर्षाचा हप्ता तिप्पट. एकदम तिप्पट. माझ्या चारातल्या दोन मशीन वर्षभर नुसत्या त्या हप्त्यासाठी चालल्या असत्या. आणि विमा नको म्हणायची सोय नव्हती, कारण घर बँकेकडे गहाण. विमा सुटला की बँक सगळं कर्ज एकदम मागणार आणि ते देता आलं नाही की घर विकणार. मुदत दोन महिन्यांची. अबोला कुठल्या कुठे पळाला.

"आता काय करायचं, बाबा?" मी विचारलं.

"ही ओळ वाच," ते म्हणाले. त्यांनी नखाने खूण केली होती. हप्ता का वाढला त्याचं कारण त्या ओळीत होतं: तळमजल्याची उंची एवढे मीटर, पुराच्या धोक्याच्या रेषेच्या बरीच खाली.

संध्याकाळी गल्ली आमच्याकडे जमली. गल्लीची कुठलीही बैठक आमच्याकडेच, कारण आमच्याकडे पायऱ्या नाहीत आणि गल्लीत गुडघे बरे असलेली माणसं कमी. सगळ्यांना तशीच पत्रं आली होती. नर्सबाई रात्रपाळीला जायच्या गणवेशातच आल्या होत्या. घड्याळं दुरुस्त करणारे काका, ज्यांना सगळे घड्याळवाले म्हणतात, ते एवढे तापले होते की हातातलं पत्र प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवत होते. "तीस वर्षं हप्ता भरला, एक पैसा मागितला नाही," ते म्हणाले. "एकदा मागितला तर ही शिक्षा?"

सासरे सगळ्यांची पत्रं गोळा करत होते. एकेक भिंगाखाली धरायचे आणि बाजूला ठेवायचे. अकरावं ठेवल्यावर ते म्हणाले, "सगळ्यांना एकच आकडा दिलाय."

"हप्ता सारखाच आहे ना," मी म्हटलं.

"हप्ता नव्हे, उंची. अकरा घरांची उंची एकच कशी असेल? नर्सबाईंच्या फरशीत आणि घड्याळवाल्यांच्या फरशीत जवळजवळ फूटभर फरक आहे. दोन्ही मीच घातल्यात." त्यांना हप्त्यापेक्षा त्या आकड्याचाच जास्त राग आला होता. कुणीतरी त्यांचं काम न बघताच त्यावर शेरा मारला होता. "मी मोजून देतो," ते म्हणाले. "घराघराची उंची लिहून कंपनीला पाठवू. मग बघू काय म्हणतात."

हे "बघू" निराळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून नळी काढली. बोटाएवढ्या जाडीची, तीस हात लांब, पारदर्शक प्लॅस्टिकची, जुनी होऊन पिवळट पडलेली. तिच्यात पाणी भरायचं. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने. मध्ये नळी कशीही वेडीवाकडी लोळू दे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. सगळी विद्या एवढीच. नवरा ट्रकवर, म्हणून दुसरं टोक माझ्या हातात आलं.

गल्लीच्या वरच्या टोकाला पूल आहे आणि पुलाच्या कठड्याखाली सरकारी मापाची पितळी खूण आहे. त्या जागेची उंची तिच्यावरच कोरलेली. तिथून आम्ही सुरुवात केली आणि घराघराने खाली येत गेलो. प्रत्येक दारात सासरे पाण्याच्या रेषेपासून फरशीपर्यंत पट्टीने मोजायचे आणि चपट्या पेन्सिलीने एका फुटक्या टाइलच्या पाठीवर लिहायचे. वही दिली तर म्हणाले, वहीची पानं वाऱ्याने उलटतात.

सोपं दिसतं, पण माझ्या नाकी नऊ आले. जागा बदलताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरायचा, नाहीतर पाणी सांडतं. मोजताना मात्र अंगठा काढायचा, नाहीतर पाणी हलतच नाही आणि माप खोटं येतं. चौथ्या घरापाशी मी अंगठा काढायला विसरले. सासऱ्यांनी मापलं, टाइलकडे बघितलं आणि म्हणाले, "अंगठा."

"काढलाय की."

"नाही काढलास. ही फरशी मी बसवलीय. ती एवढी वर असूच शकत नाही."

मी बघितलं तर अंगठा तोंडावरच. त्यांनी तेवढ्यावर सोडलं नाही. तिसऱ्या घरापाशीही काढला होतास का, असं विचारलं. मी म्हटलं, बहुतेक. झालं, "बहुतेक" या शब्दासाठी आम्ही परत पुलापर्यंत चढून गेलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. माझा नुसता तिळपापड झाला. कुठल्याशा ऑफिसात बसलेला माणूस हे कागद धड बघणारही नाही, आणि आम्ही मात्र बोटभर पाण्यासाठी उन्हात ताटकळत उभे. पण त्र्याहत्तर वर्षांचा माणूस अकरा दारांत अकरा वेळा वाकून, गुडघा टेकून, डोळा पट्टीच्या रेषेत आणून मोजत होता, आणि प्रत्येक वेळी आधी पाणी पूर्ण थांबेपर्यंत थांबत होता. तो थांबायचा वेळ त्यांनी एकदाही चोरला नाही. मी कुरकुरत होते, पण माझं लक्ष त्यांच्यावरून हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणी पुरी झाली. घरी येऊन त्यांनी बेरजा-वजाबाक्या केल्या. दहा घरांची उंची कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली, कुणाची एक फुटाने, कुणाची दोन फुटांनी. सगळ्यांचा हप्ता उतरला असता. मग ते आमच्या घरापाशी आले आणि थांबले. पुन्हा बेरीज केली. मग पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"कंपनीचा आकडा आपला आहे," ते म्हणाले.

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. पूर ओसरल्यावर कंपनीचा सर्व्हेअर आला होता. तीन पायांच्या स्टँडवर दुर्बीण लावायला सपाट जागा शोधत होता. सगळीकडे पायऱ्या आणि चिखल. मीच त्याला बोलावलं होतं. "इथे लावा, इथे अगदी सपाट आहे," असं मी सांगितलं, वर चहाही पाजला. त्याने आमच्या दारात एकदा माप घेतलं, तेच अकराही घरांना लावलं आणि काम संपवून निघून गेला. आमच्या खाली गेलेल्या फरशीने अख्ख्या गल्लीला खाली ओढलं होतं.

मी जे सुचवलं ते आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "बाबा, हे कुणाला सांगायचं कारण नाही. अकराही घरांची सरासरी काढू आणि तीच कळवू. सगळ्यांचा हप्ता कमी होईल, त्यात आपलाही होईल. कुणाचं काही जात नाही."

"पाणी काय सरासरी विचारून घरात शिरतं?" ते म्हणाले.

"कंपनीने नाही का एकाचं माप सगळ्यांना लावलं? मग आपण लावलं तर काय बिघडलं?"

"त्यांनी लावलं म्हणून तर मोजायला निघालो." ते उठले. "चल, गल्लीला सांगायला हवं."

"आपलं घर जाईल, बाबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याइतकीच भीती होती. ती त्यांनी लपवली नाही, हे मला अजून आठवतं. "माहीत आहे मला," ते म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले.

गल्ली पुन्हा आमच्याकडे जमली आणि सासऱ्यांनी उभं राहून सांगितलं. कसलीही प्रस्तावना नाही. "तुमचा हप्ता माझ्या फरशीमुळे वाढला. मापाचं यंत्र माझ्या दारात लागलं आणि माझं माप तुमच्या नावावर गेलं. तुमची खरी मापं काढलीत, ती उद्या पाठवतो."

घड्याळवाले म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आम्ही कंपनीच्या नावाने बोटं मोडतोय, आणि कारण इथे तुमच्या पायाखाली?" त्यांच्या आवाजात धार होती. सासरे हो म्हणाले. सबब नाही की सासूबाईंचं नाव नाही. त्यांनी तेवढं नाव घेतलं असतं तरी सगळे विरघळले असते, कारण सासूबाईंचा लळा सगळ्या गल्लीला होता. ते त्यांनी केलं नाही.

नर्सबाईंनीच मग तोंड उघडलं. "मिस्त्री, सरासरी कळवू या. आम्हाला थोडा जास्त हप्ता पडेल, पण तुमचं घर वाचेल. माझी तरी हरकत नाही." दोघातिघांनी माना डोलावल्या. घड्याळवाल्यांनीही, जरा उशिराने. मी मनात म्हटलं, सुटलो.

"नको," सासरे म्हणाले. "चाळीस वर्षांत खोटं माप लिहिलं नाही. आता माझ्याच घराचं लिहू?"

अक्षर माझं बरं, म्हणून यादी मी लिहिली. पुलाकडून खाली, घरं ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने. आमचं सातवं. तिथे आल्यावर माझा हात थांबला. सासरे शेजारीच बसले होते. "लिही, सूनबाई," ते हळूच म्हणाले. मी आकडा लिहिला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी ऊर भरून आला होता. एवढं सरळ माणूस घरात असणं किती महागात पडतं, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. पण त्या दिवशी मला दुसऱ्या कुणाची सून असायची इच्छा नव्हती.

तीन आठवड्यांनी कंपनीची इंजिनिअर आली. तिशीची मुलगी, पाठीवर पिशवी, हातात लेसरचं यंत्र. आधी तिने आमच्या यादीकडे जरा संशयानेच पाहिलं. मग पुलापासून सुरुवात केली आणि अकराही दारांत जाऊन मोजलं. सासरे दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून, परीक्षकासारखे चालत होते. शेवटी ती आमच्या खोलीत येऊन बसली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून तिने वरून खाली बोट फिरवलं.

"काका, कशाने मोजलंत?"

सासऱ्यांनी नळी दाखवली. तिने ती हातात घेतली आणि बराच वेळ बघत राहिली. "सगळ्यात जास्त फरक तीन मिलिमीटरचा आहे," ती म्हणाली.

"कुठल्या घरात?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना ते तीन मिलिमीटर चांगलेच लागले होते.

ती हसली. मग यादी मिटून आमच्याशी सरळ बोलली, त्याबद्दल मी तिचे उपकार मानते. दहा घरांचा हप्ता खाली येणार, जवळजवळ पूर्वीइतका. आमच्या घराला मात्र या उंचीवर परवडेल असा विमा कुठलीच कंपनी देणार नाही. "पुढची खोली पंचेचाळीस सेंटिमीटर वर घेतलीत तर शेजाऱ्यांना लागतो तोच दर तुम्हाला लावता येईल. मुदत संपायच्या आत झालं तर मी स्वतः येऊन मोजीन."

पंचेचाळीस सेंटिमीटर म्हणजे दीड फूट. सासऱ्यांनी जेवढं खणलं होतं तेवढंच.

ती गेल्यावर मी भांडायला हवं होतं. सहा महिने ज्यासाठी भांडत होते ते आता कंपनीच्याच तोंडून आलं होतं. सगळी वाक्यं तयार होती, पण एकही बाहेर पडेना. सासरे रोज सकाळी त्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे आणि मी मशीन चालवत राहायचे. चार दिवस असे गेले. मी "बघू" ऐकायची वाट पाहत होते. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "मशीन हलवायला हव्यात. नर्सबाईंकडे जागा आहे का विचार."

नर्सबाईंनी बाहेरची खोली मोकळी करून दिली. घड्याळवाल्यांची मागची भिंत पुरात पडली होती. तिच्या विटा ते स्वतः हातगाडीवर घालून आमच्या दारात ओतून गेले. "भरावाला चालतील ना?" एवढंच विचारलं. मुरूम आला, वाळू आली, सिमेंट आलं. फोनवर नवरा म्हणाला, "बाबांना सांग, आधी जुनी फरशी फोडून काढा. टाइल विकल्या तरी चार पैसे येतील." मी निरोप सांगितला. सासरे म्हणाले, "फोडायची नाही. खालची पक्की आहे. तिच्यावरच भराव येईल." कामाच्या दृष्टीने ते खरंच होतं. पण कारण तेवढंच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि मी फोनवर नवऱ्याला फक्त कामाचं कारण सांगितलं.

कामाच्या दिवशी सकाळी मी खाली आले तर सासरे फरशी पुसत होते. गुडघ्यांवर बसून, बादली शेजारी घेऊन. सांध्यांमध्ये अजून पुराचा गाळ होता, तो ते खिळ्याने कोरून काढत होते आणि फडक्याने टिपत होते. जी फरशी तासाभरात विटा-मुरुमाखाली जाणार होती, जी पुन्हा कुणाच्याही नजरेला पडणार नव्हती, तिची एकेक टाइल ते स्वच्छ करत होते. मी दुसरं फडकं आणलं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आम्ही बोललो नाही. तो अबोला नव्हता.

पुसून झाल्यावर उन्हं आत आली आणि मला त्या दिसल्या. दारापासून खिडकीपर्यंत दोन फिकट पट्ट्या. तेवढ्या भागातली टाइलची चकाकी गेली होती. सात वर्षं रोज चाकं गेलेली. मशीन त्यांच्यावरच ठेवल्या होत्या, त्यामुळे मला कधी दिसल्या नव्हत्या. सासऱ्यांना माहीत होत्या. ते त्यांच्याकडे बघत नव्हते.

त्यांनी घमेलं भरलं. उचललं. दारात उभे राहिले. हजारो घमेली ओतलेला माणूस तो, कुणाच्या घरात पहिलं घमेलं टाकताना दुसऱ्यांदा विचार केला नसेल. पण घमेलं कलतं होईना. मला वाटलं वजन जास्त झालं. त्यांनी घमेलं हळूच खाली ठेवलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "पहिलं तू टाक. माझ्याच्याने होईना."

सहा महिने मी याच घमेल्यासाठी त्यांचं डोकं खाल्लं होतं. मी पुढे झाले, घमेलं उचललं आणि त्या दोन पट्ट्यांपाशी आले. आणि मला रडू फुटलं. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी रडले मी. "राहू द्या, बाबा," मी म्हटलं. "नको करू या. मशीन विकू, दुसरं काहीतरी करू. मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं होतं."

"बोलणं वाईट होतं," सासरे म्हणाले. "चुकीचं नव्हतं." ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि घमेल्याच्या एका कडेला त्यांनी हात लावला. "तिला बाहेर जाता यावं म्हणून खाली घेतली होती. आता तुला आत राहता यावं म्हणून वर घेतोय. तिनेही हेच सांगितलं असतं, आणि माझ्यासारखा सहा महिने वेळ घेतला नसता."

आम्ही दोघांनी मिळून घमेलं कलतं केलं. मुरूम त्या फिकट पट्टीवर पडला आणि थोडी धूळ उडाली. सासरे गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळव्यांनी मुरूम पसरवला आणि हात तसेच त्याच्यावर ठेवून काही वेळ बसून राहिले. मग त्यांनी मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा, मिस्त्रीचा होता.

"मधून नाही. कोपऱ्यापासून टाकत ये," ते म्हणाले.

मी डोळे पुसले आणि दुसरं घमेलं भरायला गेले.